शेजारच्या टेबलावरचा वैरी

जिम हाल्पर्ट थोडी थोडी करून ड्वाईट श्रूटच्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये नाणी भरत गेला. एकदम भरली असती तर ड्वाईटला पहिल्याच दिवशी कळलं असतं. सावध गडी आहे तो. आज एक, काही दिवसांनी आणखी एक. रिसीव्हर जड होत गेला आणि ड्वाईटच्या हाताला त्या वजनाची सवय होत गेली. मग एके दिवशी जिमने सगळी नाणी काढून घेतली. फोन वाजला, ड्वाईटने नेहमीच्या जोराने रिसीव्हर उचलला आणि खाडकन स्वतःच्याच डोक्यात हाणून घेतला.

'द ऑफिस' या अमेरिकन मालिकेतला हा प्रसंग मिनिटभराचाही नाही. मी हसले, पण हसून झाल्यावर हिशेब करत बसले. बायकोच्या चष्म्याची फ्रेम बदलली हे ज्यांना दोन-दोन महिने कळत नाही असे नवरे मला ठाऊक आहेत. आणि इथे एक माणूस शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा रिसीव्हर किती जड झाला तर त्याच्या लक्षात येणार नाही, याचा अंदाज बांधून वाट बघतोय. इतकं बारीक लक्ष आपल्यावर दुसरं कोण ठेवतं? आई ठेवते. नंतर डॉक्टर ठेवतात, पण त्यांना फी द्यावी लागते.

ही मालिका एनबीसी वाहिनीवर 24 मार्च 2005 ला सुरू झाली आणि 16 मे 2013 ला संपली. नऊ पर्वं, 201 भाग. पेनसिल्व्हेनिया राज्यात स्क्रँटन नावाचं, एकेकाळी कोळशाच्या जिवावर भरभराटलेलं गाव आहे. तिथे डंडर मिफ्लिन या काल्पनिक कंपनीची शाखा. कंपनी कागद विकते. त्यावर काही छापत नाही, काही लिहीत नाही, नुसत्या रिमाच्या रिमा विकते. तेही अशा काळात, जेव्हा कागदाचं गिऱ्हाईक एकीकडे मोठमोठी दुकानं पळवताहेत आणि दुसरीकडे संगणक. मालिकाभर कुणीतरी या कचेरीवर माहितीपट करतंय अशी कल्पना आहे, त्यामुळे पात्रं अधूनमधून कॅमेऱ्याकडे बघतात, खोलीत एकेकटी बसून आपल्या मनातलं सांगतात. बाकी मग काही घडत नाही. म्हणजे आपल्या कचेऱ्यांत जेवढं घडतं तेवढंच.

हा कंटाळा मुद्दाम योजलेला आहे. पॅम बीस्ली या रिसेप्शनिस्टच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेलेल्या जेना फिशरला कास्टिंग करणाऱ्या अ‍ॅलिसन जोन्स यांनी बजावलं होतं की नटूनथटून येऊ नकोस, आणि आम्हाला कंटाळा आणायची हिंमत ठेव. फिशरने अभिनयात जम बसण्याआधी खरोखरच कचेऱ्यांमधून रिसेप्शनिस्टचं काम केलेलं. कंटाळ्याचा पूर्वानुभव भरपूर. जिम झालेल्या जॉन क्रॅसिन्स्कीचा किस्सा त्याहून गमतीचा. चाचणीसाठी बाहेर बसलेला असताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, टेन्शन आलंय का? हा म्हणाला, चाचणीचं नाही, पण मूळ ब्रिटिश मालिका माझी इतकी आवडती आहे की हे लोक तिची वाट लावतील याची धास्ती वाटते. ते गृहस्थ म्हणजे मालिकेचे कर्तेधर्ते ग्रेग डॅनियल्स. तरीही काम मिळालं. आपल्याकडे अशा माणसाचा अर्ज कुठल्या फायलीत गेला असता ते सांगायला नको.

तर, ज्याला त्याला विचारा, 'द ऑफिस' म्हणजे जिम आणि पॅमची प्रेमकथा असंच उत्तर येईल. पॅमचं लग्न रॉयशी ठरलेलं, रॉय खालच्या गोदामात कामाला, लग्न वर्षानुवर्षं नुसतंच ठरलेलं. जिमचं टेबल रिसेप्शनपासून हाकेच्या अंतरावर. तो काहीतरी निमित्त काढून काउंटरपाशी येतो, कोपर टेकतो, तिथल्या वाडग्यातली गोळी तोंडात टाकतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, कंपनीने गोदामात भरवलेल्या कॅसिनो नाइटच्या रात्री, तो एकदाचं बोलून टाकतो. हा भाग स्टीव्ह करेलने लिहिला होता, जो मालिकेत बॉसचं काम करतो. साहेबानेच लिहिल्यामुळे असेल, पण त्यात कामाचं एक अक्षर नाही. पॅम नाही म्हणते, मग तो तिचं चुंबन घेतो, आणि पर्व तिथेच संपतं. अमेरिकेतले प्रेक्षक उन्हाळाभर तळमळत राहिले.

माझं म्हणणं एवढंच, की या प्रेमकथेतून ड्वाईटला काढून बघा. काय उरतं? काउंटरवरचं गोळ्यांचं वाडगं.

पहिल्याच भागात जिम ड्वाईटचा स्टेपलर पिवळ्या जेलीत बुडवून ठेवतो, ड्वाईट तक्रार करतो आणि पॅमला हसू आवरत नाही. तिथून या दोघांचं जमलं. नोकरकपात होणार या भीतीने ड्वाईट जिमशी गुप्त युती करतो, तेव्हा जिम आणि पॅम मिळून त्याला असं काही खेळवतात की हसता हसता जिमचा हात पॅमच्या हातावर जातो. नेमका तेवढ्यात रॉय दारात. ही दोघं कवितेवर बोलत नाहीत, पावसावर नाही, भविष्यावर तर नाहीच नाही. त्यांचा सगळा संवाद ड्वाईट या एका विषयावर चालतो. नाताळच्या भेटवस्तूंचा प्रसंगच घ्या. जिमच्या वाट्याला पॅमचं नाव येतं. तो तिच्यासाठी चहाची किटली आणतो, तिच्यात दोघांनाच कळतील अशा बारीकसारीक आठवणींच्या वस्तू भरतो, वर एक पत्र ठेवतो. साहेबांना स्वतःची भेट पसंत पडत नाही म्हणून ते ऐनवेळी अदलाबदलीचा खेळ जाहीर करतात आणि ती किटली जाते कोणाकडे? ड्वाईटकडे. तो तिने नाक साफ करायचा बेत सांगतो. जलनेतीचं पात्र म्हणून त्या किटलीचा उपयोग करायचं सुचणारा माणूस पेनसिल्व्हेनियात जन्मावा हे नवलच. शेवटी पॅम स्वतःच्या वाट्याला आलेला महागाचा आयपॉड ड्वाईटला देते आणि किटली घेते. प्रेमाच्या वाटेत ड्वाईट येतो आणि वर आयपॉड घेऊन घरी जातो. पत्र मात्र जिम हळूच काढून खिशात घालतो. ते पॅमच्या हाती पडतं थेट नवव्या पर्वात, म्हणजे दोन मुलं झाल्यावर. पोस्टखात्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता पुरावाच हवा असेल तर तिसरं पर्व बघा. पॅमने नकार दिल्यावर जिम कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड शाखेत बदली करून घेतो. नवी कचेरी, नवे लोक. तिथे तो अँडी नावाच्या सहकाऱ्याचा कॅल्क्युलेटर जेलीत घालून बघतो. अँडी ओरडतो, कचऱ्याच्या डब्याला लाथ घालतो. जिमचा चेहरा बघण्यासारखा होतो. जेली तीच, युक्ती तीच, पण वैरी काही कुठेही मिळत नाही. मग हा गृहस्थ काय करतो? निघताना त्याने ड्वाईटच्या नावाचा कागद पळवून आणलेला असतो. पॅमशी बोलणं तो टाळतो, पण त्या कागदावर ड्वाईटला अधूनमधून फॅक्स पाठवतो. पाठवणारा म्हणून सही भविष्यकाळातल्या ड्वाईटची. आज सकाळी कुणीतरी कॉफीत विष घालणार आहे, पिऊ नकोस, असा एक फॅक्स येतो आणि ड्वाईट धावत जाऊन स्टॅन्ली या बिचाऱ्या सहकाऱ्याच्या हातातला कप उडवतो. परगावी गेलेला माणूस मागे राहिलेल्यांपैकी कोणाला पत्र लिहितो, यावरून ओळखावं की त्याला करमत कुणावाचून नाही.

पुढे जिम परत येतो, आणि काही दिवसांनी ड्वाईटच नोकरी सोडून जातो. त्याच्या जागी येऊन बसतो तोच अँडी, गाणी म्हणणारा. जिम कॅमेऱ्यासमोर कबूल करतो की ड्वाईटची आठवण येते. कबुली देताना चेहरा दात काढायला बसलेल्या माणसासारखा.

मी ज्या कचेरीत होते तिथे एका पंख्याखाली दोघे बसत. एकाला बारा महिने सर्दी, दुसऱ्याला बारा महिने उकाडा. रेग्युलेटर भिंतीवर, दोघांच्या टेबलांच्या बरोबर मधे. सर्दीवाले जागेवरून उठले की जाता जाता पंखा दोनवर करायचे. उकाडेवाले डबा धुऊन परतताना पाचवर. तोंडाने एक अक्षर नाही. फाइल द्यायची झाली तरी मधे शिपाई. एकदा सर्दीवाले गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लांबच्या रजेवर गेले. पंखा दिवसभर पाचवर. मग एका दुपारी उकाडेवाले माझ्या टेबलाशी येऊन घुटमळले.

"मॅडम, ते कधी येणार म्हणाले?"

"महिनाभर तरी नाही. का हो?"

"काही नाही, पंख्याचं बघायचं होतं."

पंख्याचं काय बघायचं होतं कुणास ठाऊक. पंखा तर त्यांच्याच मनासारखा फिरत होता.

जिमबद्दल मला जाता जाता एक सांगायचंय. जगभरच्या मुली त्याच्यावर भाळल्या, पण तसं पाहिलं तर कामाचा माणूस ड्वाईटच. शाखेतला सगळ्यात जास्त कागद तो विकतो, वेळेवर येतो, शिवाय घरी बीटची शेती सांभाळतो. त्याला आपल्या हुद्द्याचा अभिमान आहे. फक्त तो हुद्दा 'असिस्टंट रीजनल मॅनेजर' असा सांगतो आणि बाकीचे 'असिस्टंट टू द रीजनल मॅनेजर' अशी दुरुस्ती करतात. ज्याने आपल्याकडचं एखादं सरकारी खातं जवळून पाहिलंय त्याला हा वाद विनोदी वाटायचा नाही. याहून बारीक फरकांवर लोक हायकोर्टात गेलेत. आणि जिम? हुशार, देखणा, आळशी. त्याच्या पगारातला मोठा हिस्सा कंपनी ड्वाईटला छळण्यासाठी देत होती असं ऑडिटमध्ये निघालं असतं.

हे लेखकांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या पर्वातल्या एका भागात ड्वाईटने जिमविरुद्ध वर्षानुवर्षं केलेल्या लेखी तक्रारी बाहेर निघतात. त्या न्यूयॉर्कला मुख्य कचेरीत जातात असं त्याला सांगितलेलं. प्रत्यक्षात मनुष्यबळ खातं सांभाळणाऱ्या टोबीने त्या खोक्यात भरून टेबलाखाली सारलेल्या. बॉस मायकल त्या सगळ्यांसमोर वाचायला बसतो. सुरुवातीला जिमला मजा वाटते. एकेक तक्रार म्हणजे एकेक यशस्वी खोडी. पण वाचन संपतच नाही, आणि हळूहळू त्याचं हसू उतरत जातं. इतकी वर्षं नोकरी करून आपण नेमकं काय केलं, त्याचा एकमेव दप्तरी पुरावा त्या खोक्यात होता, आणि तो लिहून ठेवला होता ड्वाईटने. बदलीचा विचार त्याच्या डोक्यात तिथून घोळू लागतो.

मायकल स्कॉटची गोष्ट वेगळी. त्याला साहेब व्हायचंच नाही, मित्र व्हायचंय. आणि कचेरीत ज्याच्या हातात पगारवाढ असते त्याला मित्र मिळत नाहीत, फक्त त्याच्या विनोदांना हसणारे मिळतात. स्टीव्ह करेलने हा माणूस असा उभा केलाय की त्याच्या प्रत्येक वाक्याला आपण उशीत तोंड खुपसतो. पण पॅम आपल्या जलरंगातल्या चित्रांचं छोटं प्रदर्शन भरवते तेव्हा सगळ्यांना बोलावूनही जवळजवळ कोणी फिरकत नाही. कचेरीतला ऑस्कर येतो, पण त्याचा मित्र तिथेच चित्रांना नावं ठेवतो आणि पॅमच्या ते कानावर पडतं. ती चित्रं उतरवायला लागते तेवढ्यात मायकल धापा टाकत पोचतो. उशीर झालाय, दिवस वाईट गेलाय. तो चित्रं बघतो आणि खरोखर थक्क होतो, कारण ती ओळखू येतात. त्यांच्या कचेरीच्या इमारतीचं चित्र बघून, हे विकत मिळेल का, असं विचारतो. त्यात आपली खिडकीसुद्धा आहे म्हणून हरखतो. पॅम त्याला मिठी मारते. मग तिला त्याच्या खिशात काहीतरी टोचतं. चॉकलेट असतं. तो अर्धं देऊ करतो, ती नको म्हणते. ते चित्र पुढे कचेरीच्या भिंतीवर लागतं आणि शेवटच्या भागात पॅमच ते उतरवून नेते. कलेच्या प्रांतात इतकी सरळ समीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता ड्वाईटचं प्रेम. हिशेबखात्यातल्या अँजेलाशी. ती कडक, धार्मिक, मांजरांवर जीव टाकणारी. दोघं कचेरीत एकमेकांशी इतकी तुटक वागतात की त्यावरूनच बघणाऱ्याला संशय यावा, आणि हे मालिकेतलं सगळ्यात खरं निरीक्षण आहे. कचेरीतल्या गुप्त प्रेमाला गप्पा मारण्यावरून कोणी पकडत नाही. जी दोन माणसं कधीच एका वेळी चहाला जात नाहीत, लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात, मीटिंगमध्ये एकमेकांना नको तितकं अहो-जाहो करतात, तिथे समजावं. गंमत म्हणजे पडद्यावर पॅमला सदोदित तुच्छ लेखणारी अँजेला किन्सी आणि जेना फिशर या प्रत्यक्षात जिवलग मैत्रिणी. 2019 मध्ये दोघींनी 'ऑफिस लेडीज' नावाचा पॉडकास्ट सुरू केला आणि मालिकेच्या एकेका भागावर गप्पा मारू लागल्या. नोकरी संपल्यावरही जुन्या कचेरीचंच बोलत बसायचं, हा रोग अमेरिकेतही आहे तर.

अँजेला आपलं आजारी मांजर ड्वाईटवर सोपवून जाते. शेतकरी माणूस, त्याचं दयेचं गणित वेगळं. तो मांजराला फ्रीझरमध्ये ठेवून देतो. प्रेमप्रकरण तिथेच संपतं. मग चौथ्या पर्वात ड्वाईट जिन्यात बसून विव्हळतोय आणि जिम तिथे येतो. जवळच बसतो. पॅम आपली नव्हती तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं, झोप येत नव्हती, असं सांगतो. असले हाल वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत, आणि त्या वैऱ्यांत तूही आलास, असं म्हणतो. ड्वाईट मान खाली घालून ऐकत राहतो. मग न बघताच हात लांब करतो, जिमच्या खांद्यावर ठेवायला. पण जिम केव्हाच उठून गेलेला. हात हवेत. तो काही घडलंच नाही अशा बेताने हात मागे घेतो. इकडे जिम तडक पॅमच्या काउंटरपाशी जाऊन तिचं चुंबन घेतो. म्हणजे पुन्हा तेच. वैऱ्याच्या दुःखाने याचं प्रेम उजळून निघालं.

मूळ ब्रिटिश 'द ऑफिस' रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी 2001 मध्ये बीबीसीवर आणली. तीही कागदाचीच कंपनी, गाव स्लाव. बारा भाग आणि 2003 च्या नाताळचा दोन भागांचा खास प्रयोग, बस. तिथेही जेलीतला स्टेपलर आहे, जिम-पॅमच्या जागी टिम आणि डॉन आहेत, ड्वाईटच्या जागी गॅरेथ आहे. मालिका म्हणून ती अधिक टोकदार आहे, हे मान्य. पण टिम आणि गॅरेथचं वैर शेवटपर्यंत वैरच राहतं, कारण बारा-चौदा भागांत प्रेम उरकता येतं. वैर मुरायला वर्षं लागतात. आपल्याकडे 2019 मध्ये हॉटस्टारवर हिंदी अवतार आला, फरीदाबादची विल्किन्स चावला कंपनी. मुकुल चड्ढा आणि गोपाल दत्त या दोघा नटांनी कामं झकास केली. पण मला वाटत राहिलं, की इथे जिमला इतकी स्वस्थता मिळेलच कशी? रिसीव्हरमध्ये दुसरं नाणं घालायच्या आत तीन जण विचारून जातील, काय करतोयस.

नीलसन कंपनीच्या मोजणीनुसार 2020 या एका वर्षात अमेरिकेत ही मालिका लोकांनी 5,700 कोटी मिनिटांहून जास्त पाहिली. लोक घरात कोंडलेले, आणि बघत काय होते, तर कचेरी. वर्क फ्रॉम होममध्ये सगळं घरपोच आलं होतं. काम आलं, साहेब आले, मीटिंगा तर जरा जास्तच आल्या. शेजारचं टेबल तेवढं आलं नाही. पडद्यावरच्या चौकोनातला माणूस कितीही तापदायक असला तरी त्याचा पंखा दोनवर करता येत नाही.

शेवटच्या भागात ड्वाईट शाखेचा मॅनेजर झालेला असतो आणि अँजेलाशी त्याचं लग्न ठरलेलं असतं. लग्नातला पाठराखा म्हणून तो जिमला निवडतो. जिमही आयुष्यात प्रथमच त्याच्यावर अशा खोड्या करतो ज्यांनी त्याचं भलंच होईल. मग जिम आणि पॅम सांगायला येतात, की आम्ही नोकरी सोडून टेक्सासला, ऑस्टिनला चाललो. ड्वाईट म्हणतो, राजीनामा देता येणार नाही, मी तुम्हाला कामावरून काढतोय. राजीनामा दिला तर हाती काही पडत नाही आणि काढून टाकलं तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, हे त्याला पाठ आहे. जिमला नोकरीवरून काढून टाकण्याचं स्वप्न त्याने नऊ वर्षं बघितलं होतं. ते पुरं झालं, आणि तेही कंपनीच्या नियमांत बसवून, कंपनीच्याच खर्चाने.